हायड्रॉलिक क्लच : दोष प्लेटचा की ऑइलचा?

गिअर पडेनासा झाला, रिव्हर्स टाकताना खरखर आवाज आला किंवा क्लचचे पेडल दाबल्यावर खालीच राहिले, की क्लच प्लेट गेली असे अनेकदा गृहीत धरले जाते. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाड्यांत मात्र हा दोष पुष्कळदा द्रवदाबाच्या यंत्रणेत असतो.

पेडलचा दाब मास्टर सिलिंडरमधून ऑइलच्या नळीवाटे गिअरबॉक्सकडील स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो. नळीत हवा शिरल्यास दाब हवेतच जिरतो आणि पेडल मऊ लागते. पेडल भराभर दाबल्यावर तात्पुरता गिअर पडत असेल, तर हवा वा गळतीचा संशय घ्यावा.

प्रथम बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहावी. अनेक गाड्यांत ब्रेक व क्लचची टाकी एकच असते. त्यामुळे घटलेली पातळी ही ब्रेकसाठीही धोक्याची सूचना ठरते. नंतर पेडलच्या मुळाशी व स्लेव्ह सिलिंडरभोवती ओल तपासावी. बाहेर गळती नसूनही दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असल्यास मास्टर सिलिंडरचे रबरी सील झिजलेले असू शकते.

टाकीत गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच ब्रेक ऑइल, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, घालावे. इंजिन ऑइल कदापि घालू नये. त्याने सील फुगून निकामी होतात. गळती दुरुस्त केल्यावर नळीतील हवा काढणे आवश्यक असते.

याउलट, इंजिनचा आवाज चढूनही गाडी वेग घेत नसेल, तर प्लेट झिजल्याची शक्यता अधिक असते.