शुभ्र प्रकाशाचें पृथक्करण



झुंबराच्या लोलकांतून ऊन आलें कीं भिंतीवर रंग उमटतात, हें आपणां सर्वांस परिचित आहे. सतराव्या शतकांतील विद्वानांसही तें परिचित होतें. मग १६६६ सालीं आयझॅक न्यूटन या २३ वर्षांच्या तरुणानें तोच लोलक हातीं घेतला, तेव्हां नवीन असें काय घडलें? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

न्यूटनपूर्वीं सामान्यतः अशी समजूत होती कीं, पांढरा प्रकाश हा मूळचा शुद्ध व एकजिनसी असून रंग हा त्यास मागाहून आलेला विकार होय. रंगारी जसा पांढऱ्या वस्त्रास रंग चढवितो, तशी कांच प्रकाशास रंग चढविते, असा या मताचा थोडक्यांत आशय.

न्यूटननें खोली अंधारी करून खिडकीच्या दारास पाव इंच व्यासाचें भोंक पाडलें, त्यांतून येणाऱ्या किरणांच्या वाटेंत लोलक धरला, आणि २२ फुटांवरील भिंतीवर उमटलेला रंगीत पट्टा मोजला. येथेंच त्याचें वेगळेपण दिसून येतें. इतर जण रंग पाहून थांबले होते. हा आकार पाहून थबकला. सूर्यबिंब वाटोळें, भोंक वाटोळें. लोलकही असा धरलेला कीं, किरण आंत शिरतांना व बाहेर पडतांना सारखेच वळावेत. अशा वेळीं वक्रीभवनाच्या रूढ नियमाप्रमाणें भिंतीवरील प्रतिमा वाटोळीच पडावयास हवी होती. प्रत्यक्षांत तिची रुंदी अडीच इंचांहून किंचित् अधिक, तर लांबी सव्वातेरा इंच भरली. म्हणजे जवळजवळ पांचपट!

ही जास्तीची लांबी आली कोठून? कांचेची जाडी, भोंकाचा लहानमोठेपणा, कांचेंतील दोष, अशीं एकेक कारणें त्यानें तपासून बाजूस सारलीं. शेवटीं त्यानें निर्णायक प्रयोग योजिला. पहिल्या लोलकामागें बारीक भोंकाची एक फळी, तिच्यापासून सुमारें १२ फुटांवर तशीच दुसरी फळी, आणि तिच्यामागें दुसरा लोलक. पहिला लोलक हळूहळू फिरविला म्हणजे कधीं तांबडा, तर कधीं निळा प्रकाश दुसऱ्या लोलकावर पडे. कांच जर रंग चढवीत असेल, तर दुसऱ्या कांचेनें या निळ्यासही नवे रंग चढवावयास हवे होते. तसें झालें नाहीं. निळा निळाच राहिला, तांबडा तांबडाच. मात्र निळा अधिक वळला, तांबडा कमी.

तात्पर्य, रंग कांचेनें निर्माण केलेले नव्हते. ते पांढऱ्या प्रकाशांत आधींच होते, आणि प्रत्येकाचें वळणें निराळें असल्यामुळें लोलकानें ते केवळ अलग केले. भिंगानें ते पुन्हां एकत्र आणतांच पूर्ववत् पांढरा प्रकाश मिळाला. आज आपण याचें कारण असें सांगतों कीं, कांचेंत शिरतांच प्रकाशाचा वेग मंदावतो, आणि जांभळ्याचा तांबड्याहून किंचित् अधिक मंदावतो. साध्या कांचेचा वक्रीभवनांक तांबड्यासाठीं सुमारें १·५१, तर जांभळ्यासाठीं सुमारें १·५३ असतो. एवढ्याशा फरकांतून सारा वर्णपट उलगडतो.

फेब्रुवारी १६७२ मध्यें न्यूटननें हें सर्व रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें, आणि वाद पेटला. रॉबर्ट हूक यानें प्रयोग मान्य केले, परंतु निष्कर्ष नाकारला. फ्रान्समधील मारियोत यानें १६८१ सालीं प्रसिद्ध केलें कीं, आपण प्रयोग करून पाहिला, तों दुसऱ्या लोलकांतून जांभळ्याबरोबर तांबडा व पिवळाही बाहेर पडला! यांत लबाडी कांहीं नव्हती. पहिल्या लोलकाशींच रंग पुरते अलग झाले नाहींत, तर एकाच्या सोबतीनें दुसरा शिरणारच. आणि कांच सदोष असली तर विचारूंच नये. न्यूटननें १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स' ग्रंथांत बुडबुडे व रेषा नसलेली कांच घेण्याविषयीं मुद्दाम बजावलें आहे. १७१४ सालीं देझागुलिये यानें रॉयल सोसायटीपुढें हे प्रयोग यशस्वी रीतीनें करून दाखविले, आणि पुढें विरोध ओसरत गेला.

परंतु न्यूटनचाही एक निष्कर्ष चुकला. किरण जितका वळेल तितकेच रंग फांकतील, मग पदार्थ कोणताही असो, असें त्यानें धरून चालविलें. म्हणून भिंगांच्या दुर्बिणींतील रंगीत कडा कधींच जाणार नाहींत असें मानून त्यानें १६६८ सालीं आरशाची दुर्बीण बनविली. १७३३ च्या सुमारास चेस्टर मूर हॉल यानें दोन जातींच्या कांचा जोडून निर्दोष भिंग साधलें, परंतु त्याचा बोभाटा केला नाहीं. पुढें जॉन डॉलंड यानें 'ऑप्टिक्स' मध्यें वर्णिलेला पाण्याच्या व कांचेच्या लोलकांचा प्रयोग स्वतः करून पाहिला. किरण मूळ दिशेस समांतर बाहेर पडले, तरी रंग फांकलेलेच राहिले! या निरीक्षणावरून त्यानें १७५८ सालीं आपलें जोडभिंग जगापुढें मांडलें. न्यूटनच्या शब्दावर विसंबून न राहतां त्यानें न्यूटनचाच लोलक पुन्हां उन्हांत धरला होता.