परत बोलावणे : इंधनगळती, मोटार-विक्रेता आणि सातारा–सांगलीचा वाहनधारक

मोटार-उद्योगात 'रिकॉल' या नावाने ओळखली जाणारी प्रथा मराठी वृत्तपत्रांत 'गाड्या परत बोलावल्या' किंवा 'परत मागवल्या' अशा शब्दांनी येते. हे शब्द वाचताच कारखान्याने आपला माल परत घेतला, असा अर्थ मनात उभा राहतो. प्रत्यक्षात बहुधा घडते ते निराळेच. गाडी कारखान्यात जात नाही, मालकीही बदलत नाही. मालकाने ती जवळच्या अधिकृत विक्रेत्याच्या कार्यशाळेत न्यावयाची, सदोष भाग विनामूल्य बदलून घ्यावयाचा आणि गाडी घेऊन घरी परतावयाचे, एवढाच तो व्यवहार असतो. तात्पर्य, या व्यवहारातील मुख्य क्रिया 'परत घेणे' ही नसून 'बोलावणे' ही आहे. ज्याच्यापर्यंत बोलावणे पोचले नाही त्याच्यापुरती ती क्रिया घडलीच नाही, असे समजावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रथेचा इतिहास याच दृष्टीने पाहावयाचा असून इंधनगळतीचा दोष आणि सातारा व सांगली हे दोन जिल्हे त्यासाठी दृष्टांतादाखल घेतले आहेत.

हे जिल्हे घेण्यास कारण आहे. दोहोंचा पूर्वेतिहास एकच आहे. १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. यंत्रविद्या या प्रदेशाला नवी नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा. साताऱ्याच्या कूपर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच डिझेल एंजिने तयार केली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' साताऱ्यातच बनत असे. परंतु येथील रस्त्यांवर धावणारी मोटारगाडी मात्र नेहमी बाहेरून आली. मुंबईच्या कुर्ल्याहून 'फिएट' आली, पुढे हरियाणातून 'मारुती' आली. त्यामुळे येथील ग्राहकाच्या दृष्टीने कारखाना म्हणजे गावातील विक्रेताच होय. कारखान्याचे बोलावणे त्याच्याच तोंडून ऐकू यावयाचे.

बोलावण्याची प्रथा येण्यापूर्वी गळतीचा विचार कोण करी? अर्थात् मालक व मिस्त्री. पेट्रोल अत्यंत ज्वालाग्राही आहे. शून्याखाली चाळीस अंश सेल्सियसच्या सुमारासही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने गाडीखाली व बंद गॅरेजात जमिनीलगत साचून राहते. असे असूनही गळती हा गाडीच्या वयाचा भाग समजला जाई. टाकीला बारीक चीर पडली तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासून ती तात्पुरती बुजवावी, नळी सैल झाली तर तारेने आवळावी, कार्ब्युरेटर भरून वाहू लागला तर त्यावर हलकेच ठोकावे, ही विद्या महामार्गावरच्या प्रत्येक मिस्त्रीला अवगत होती. मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबण्याच्या त्या काळात मिळालेल्या गाडीत दोष निघाला, तर तो कारखान्याच्या दारी नेण्याची कल्पनाच रूढ नव्हती. दोष एका गाडीचा असतो, हे गृहीत होते. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो गाड्यांत एकच दोष असू शकतो, आणि तो जाणण्याचे साधन फक्त कारखान्यापाशी असते, हा विचार मागाहून आला.

तो प्रथम अमेरिकेत कायद्याच्या रूपाने प्रकट झाला. तेथील १९६६ च्या वाहन-सुरक्षा कायद्याने सुरक्षिततेशी संबंधित दोष आढळल्यास उत्पादकाने पहिल्या खरेदीदाराला नोंदणीकृत टपालाने कळवावे, असे बंधन घातले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मूळ कायद्यात बंधन होते ते कळविण्याचे. दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे बंधन १९७४ च्या दुरुस्तीने आले. म्हणजे या प्रथेचा जन्मच मुळी एका पत्रात आहे. १९७८ मध्ये फोर्ड कंपनीने 'पिंटो' व तिच्या जातीच्या सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. मागून धडक बसल्यास टाकी फुटून पेट्रोल सांडण्याचा धोका होता, आणि त्यावरील उपाय टाकीस प्लॅस्टिकचे कवच व इंधन भरण्याची लांब नळी एवढाच होता. दोषाचे गांभीर्य आणि उपायाचा क्षुल्लकपणा यांतील हे अंतर इंधनगळतीच्या पुढील बहुतेक प्रकरणांत दिसून येते.

भारतात यातील ठळक प्रसंग फेब्रुवारी २०१० मधील होय. मारुती सुझुकीने 'ए-स्टार' जातीच्या सुमारे १ लाख गाड्या इंधनपंपाचे गॅस्केट बदलण्यासाठी बोलावल्या. त्यांत परदेशी निर्यात झालेल्या गाड्याही होत्या. टाकी काठोकाठ भरली असता या गॅस्केटपाशी पेट्रोल झिरपण्याचा संभव होता. त्याच वर्षी 'नॅनो' गाड्यांना आग लागण्याचे काही प्रसंग घडल्यावर टाटा मोटर्सने ग्राहकांच्या गाड्यांना जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. मात्र हे 'रिकॉल' नव्हे, असेही सांगितले. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद महत्त्वाचा वाटेल. कार्यशाळेत घडणारी क्रिया दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकच आहे, परंतु एका नावात दोषाची कबुली आहे आणि दुसऱ्यात सौजन्य आहे. सौजन्याने आलेले निमंत्रण मालक सवडीने स्वीकारतो. धोक्याची सूचना ऐकून तो त्वरेने निघतो. शब्द सौम्य झाला की निकडही सौम्य होते.

एप्रिल २०१४ मध्ये याच स्वरूपाचा आणखी एक प्रसंग आला. १२ नोव्हेंबर २०१३ ते ४ फेब्रुवारी २०१४ या काळात बनलेल्या १,०३,३११ मारुती गाड्या इंधन भरण्याच्या नळीचा तोंडाकडील भाग बदलण्यासाठी बोलावण्यात आल्या. त्यांत ४७,२३७ 'स्विफ्ट', ४२,४८१ 'डिझायर' व १३,५९३ 'एर्टिगा' होत्या. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही इंधन भरत राहिल्यास वास येण्याचा, क्वचित गळती होण्याचा संभव होता. पुणे–कोल्हापूर रस्त्यावर प्रवास केलेल्या कोणालाही या सूचनेचे मर्म कळेल. 'टाकी फुल्ल करा' असे सांगितल्यावर नळी खट् करून बंद झाली तरी रक्कम सरळ आकड्यावर आणण्यासाठी आणखी थोडे इंधन घालणे हा पंपावरचा नित्याचा प्रघात आहे. यंत्रातील दोष आणि समाजातील सवय यांचा संयोग झाला म्हणजे जो धोका कागदावर विरळ दिसतो तो व्यवहारात तितका विरळ राहत नाही.

या दोन्ही प्रसंगी उत्पादकाला भारतीय कायद्याने स्पष्ट असे बंधन नव्हते. ग्राहक-चळवळीची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे; १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रारीचे दार उघडले. परंतु ते दार एकेका ग्राहकाच्या, झालेल्या हानीबद्दलच्या तक्रारीसाठी होते. न झालेली हानी टाळण्यासाठी हजारो अनोळखी मालकांना एकदम सावध करणे हे त्या व्यवस्थेचे काम नव्हते. जुलै २०१२ पासून मोटार-उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची एक संहिता स्वीकारली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता केंद्र शासन सदोष गाड्या बोलावण्याचा आदेश देऊ शकते व दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. मात्र उत्पादकाने स्वतः होऊन दोष कळविला व बोलावणे सुरू केले तर तो दंडास पात्र ठरत नाही.

कायदा येथवर आला. आता विक्रेत्याच्या कचेरीत काय घडते ते पाहू. उत्पादकाकडून विक्रेत्याला सदोष गाड्यांची यादी येते. शोरूममधील न विकलेल्या गाड्या प्रथम बाजूस काढल्या जातात. नंतर जुने जॉब कार्ड व विक्रीची नोंद पाहून ग्राहकांना दूरध्वनी, लघुसंदेश किंवा पत्र जाते. सुटे भाग आले की गाडी घेऊन दुरुस्ती होते, आणि मजुरीचा आकार विक्रेता उत्पादकाकडून वसूल करतो. ही साखळी सरळ दिसते. परंतु तिच्यात दोन दुवे कच्चे आहेत.

पहिला दुवा नावाचा. एकाच गाडीला दोन नावे असतात. कारखाना तिला सतरा अक्षरांच्या चासी क्रमांकाने ओळखतो. मालक, शेजारी व पोलीस तिला नोंदणी-क्रमांकाने ओळखतात. साताऱ्यात तो एमएच ११ ने, सांगलीत एमएच १० ने व कराडकडे एमएच ५० ने सुरू होतो. सदोष गाड्यांची यादी पहिल्या भाषेत असते आणि मालक दुसरी बोलतो. ही दोन नावे एकत्र येतात ती नोंदणी-पुस्तकात, आणि ते परिवहन कार्यालयाच्या कक्षेतले.

दुसरा दुवा पत्त्याचा. विक्रेत्याच्या वहीत पहिला खरेदीदार असतो, परिवहन कार्यालयाच्या वहीत नोंदणीकृत मालक असतो, आणि गाडी कित्येकदा तिसऱ्याच्याच दारात उभी असते. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असे १९८८ च्या कायद्याचे कलम ५० सांगते. परंतु नमुना २९ व ३० वर सह्या घेऊन ते कागद तसेच ठेवून देण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पुण्यात पहिल्यांदा विकली गेलेली गाडी दोन हात फिरून खटाव किंवा जत तालुक्यात पोचली, तर पुण्याच्या विक्रेत्याचे पत्र पुण्याच्याच पत्त्यावर जाणार. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांची नोंद ठेवण्याचे नियम लागू झाले, ही सुधारणा खरी. तथापि ओळखीपाळखीतून होणारा व्यवहार तिच्या बाहेरच राहतो.

त्यातून एक विपरीत परिणाम संभवतो. जो ग्राहक नियमाने अधिकृत कार्यशाळेत जातो त्याच्या गाडीतील सदोष भाग नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळीच बदलला जातो; बोलावण्याची त्याला फारशी गरज नसते. हमीची मुदत संपल्यावर जो गावातील गॅरेजकडे वळतो किंवा जो गाडी जुनी विकत घेतो, त्याला गरज सर्वांत अधिक, आणि विक्रेत्याच्या वहीत त्याचेच नाव नसते. पूर्वी या भागात एखाद्या घरी निरोप धाडावयाचा तर माणसाबरोबर 'सांगावा' जाई. माणूस गाव सोडून गेला असेल, तर सांगावा नेणारा तो कोठे गेला हे विचारून पुढे जाई. टपालाच्या पत्राला व लघुसंदेशाला ही विचारपूस करता येत नाही.

काळाची मर्यादा हाही एक प्रश्न आहे. नियमांनुसार बोलावण्याचे बंधन सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहे, तर खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. गॅस्केट, रबरी नळी व सील हे भाग वयानुसार कडक होतात व तडकतात. म्हणजे इंधनगळती ही बहुशः उत्तर आयुष्यातील व्याधी आहे. शिवाय पेट्रोलचे स्वरूपही पालटले आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठण्यात आले, आणि त्या इथेनॉलचा एक स्रोत कृष्णाकाठचा ऊस हाच आहे. काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, आणि हे काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये अल्प खर्चात होईल, असे केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. हा उत्पादनातील दोष नव्हे, म्हणून येथे बोलावणेही नाही आणि खर्च मालकाचा. ज्या प्रश्नाला कायद्याने उत्पादकाच्या दारी नेले, तो या मार्गाने पुन्हा मालक व मिस्त्री यांच्याकडे परतला आहे.

जर्मनीत वाहनांची मध्यवर्ती नोंद ठेवणारे शासकीय कार्यालय प्रचलित धारकांचे पत्ते बोलावण्यासाठी उपलब्ध करून देते आणि गंभीर दोष दुरुस्त न केल्यास गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई होऊ शकते. भारतातही 'वाहन' या संगणकीय नोंदीत दोन्ही क्रमांक एकत्र आहेत. विम्याचे नूतनीकरण व प्रदूषण-तपासणी या दोन प्रसंगी गाडीचा आजचा धारक, मग तो पहिला असो वा चौथा, नोंदणी-क्रमांक सांगून कोणाच्या तरी समोर उभा राहतो. त्याच क्षणी 'या गाडीचे बोलावणे शिल्लक आहे' एवढे वाक्य त्याला ऐकविण्याची व्यवस्था झाली, तर विक्रेत्याच्या वहीतील उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. १९६६ च्या कायद्याने पत्र पाठविण्याचे कर्तव्य सांगितले. ते योग्य माणसाच्या हाती पडले की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य अद्याप पुरते कोणाचेच झालेले नाही. गॅस्केट बदलण्यास लागणारा वेळ थोडा आणि त्याची किंमतही अल्प; माण किंवा आटपाडीतील एखाद्या वाहनधारकाच्या जिवाचा प्रश्न मात्र त्या पत्त्याशी निगडित आहे.