एकाकी माणसांचे गाणे

१९६६ च्या ऑगस्टमध्ये ‘बीटल्स’ या इंग्रज गायकचमूविरुद्ध अमेरिकेत मोठा गहजब उडाला. आपण येशूपेक्षा लोकप्रिय झालो आहोत, अशा आशयाचे जॉन लेनन यांचे उद्गार मार्चमध्ये लंडनच्या एका दैनिकात छापून आले होते. तेथे कोणाला त्याचे फारसे काही वाटले नाही. अमेरिकेतील एका मासिकाने ते उद्धृत करताच मात्र दक्षिणेकडील काही नभोवाणी केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली आणि ध्वनिमुद्रिकांच्या होळ्या पेटल्या.

योगायोग असा, की त्याच महिन्याच्या ५ तारखेला ब्रिटनमध्ये त्यांचे ‘एलिनॉर रिग्बी’ हे गीत प्रसिद्ध झाले. गीताची पार्श्वभूमी चर्चची आहे. लग्न आटोपल्यावर सांडलेले तांदूळ वेचणारी एक एकाकी स्त्री आणि कोणीही ऐकणार नाही असे प्रवचन लिहीत बसलेले फादर मॅकेन्झी, एवढीच त्यातील माणसे. ती मरण पावते. तिच्या दफनाला कोणी येत नाही.

हे गीत आपण कान देऊन ऐकू या. पॉल मॅकार्टनी गातात, लेनन व जॉर्ज हॅरिसन साथीला स्वर देतात. पण चौघांपैकी एकाचेही वाद्य त्यात नाही. गिटार नाही, ढोल नाही. जॉर्ज मार्टिन यांनी रचलेल्या स्वरलिपीनुसार चार व्हायोलिन, दोन व्हायोला व दोन चेलो वाजतात. ध्वनिक्षेपक तारांच्या अगदी जवळ ठेवल्यामुळे गजाचे तुटक आघात कानावर आदळतात. गोडव्याला तेथे थारा नाही.

स्वरसंगतीही अवघ्या दोन: ई मायनर आणि सी मेजर. ई हा षड्ज मानला, तर कडव्याच्या चालीत कोमल गंधार, कोमल निषाद आणि शुद्ध धैवत भेटतात. म्हणजे आपल्याकडचा काफी थाट. ग्रेगरियन गायनातील डोरियन. गीताला चर्चचा वास येतो तो केवळ शब्दांमुळे नव्हे. चार आवर्तनांत संपेल असे वाटणारी ओळ पाचव्यापर्यंत लांबते आणि कान अस्वस्थ होतो. ध्रुवपदात गायकाचा प्रश्न वर झेपावतो, दुसऱ्यांदा त्याहून उंच. त्याच वेळी खाली तंतुवाद्ये कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम अशी पायरीपायरीने उतरत जातात. प्रश्न वर जातो, उत्तर मात्र मिळत नाही.

अखेरीस आरंभीची हाक आणि ध्रुवपद, आतापर्यंत वेगवेगळ्या ऐकलेल्या या दोन चाली, एकाच वेळी गायिल्या जातात. कथेतील दोन एकाकी जीवांची गाठ पडते ती थडग्यापाशी, एक जीव गेल्यावर. जी भेट आयुष्याने नाकारली, ती संगीताने घडवून आणली आहे.

हे श्रद्धेची टवाळी करणारे गीत आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. येथे श्रद्धा हास्यास्पद ठरत नाही. ठपका येतो तो रिकाम्या बाकांवर. पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने बीटल्सच्या संगीताचा गौरव केला आणि लेनन यांच्या त्या उद्गारांकडे क्षमाशील दृष्टीने पाहिले. त्याला बेचाळीस वर्षे लागली. गीत ऐकण्यास दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ पुरतो. होळी पेटवणाऱ्यांपैकी कितींनी तेवढा वेळ दिला असेल?

आणि मिस्सा संपल्यावर मागच्या बाकावर एकटेच रेंगाळणारे जे कोणी असते, त्याच्यासाठी आपण तरी किती वेळ देतो?