परिटाच्या गाठोड्यातील इतिहास

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की वाटेत काटेवाडी लागते. तेथे परीट समाजाची मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. या दोन तालुक्यांतील शाळकरी मुलांना हा सोहळा चांगला परिचयाचा आहे. स्वच्छ कापड अंथरण्याचा मान ते धुणाऱ्याचा, असा हा रिवाज.

विज्ञानाच्या इतिहासात मात्र धुणाऱ्याला असा मान क्वचितच मिळाला. रुग्णालयातल्या चादरी, ब्लँकेटे आणि रुग्णांचे कपडे यांतून रोग पसरतो, हे माणसाला कसे कळले, याचा आम्ही मागोवा घेऊ लागलो. तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. या शोधाच्या महत्त्वाच्या वळणांवर कपडे धुणारी माणसे भेटतात. ती आजारी पडली, म्हणूनच शास्त्रज्ञांचे लक्ष कापडाकडे गेले.

सुरुवात कॉलऱ्यापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा प्रसार पाण्यातून होतो असे मांडले. त्यांची पाण्याच्या पंपाची गोष्ट आपण वर्गात सांगतो. पण त्यांनी चादरींबद्दलही लिहिले होते. कॉलऱ्याच्या रुग्णाचे जुलाब पाण्यासारखे असतात. त्यांना रंग नसतो, वासही फारसा नसतो. चादर ओली होते, पण डाग दिसत नाही. शुश्रूषा करणाऱ्याचे हात नकळत भरतात आणि त्याच हातांनी तो जेवतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे कापड घातक असू शकते, हे येथे ध्यानात आले.

१८८३च्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आले. तेथील एका तळ्याकाठच्या वस्तीत कॉलऱ्याने अनेक माणसे दगावली होती. तळ्याच्या पाण्यात कॉख यांना स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सापडले. चौकशीअंती कळले, की पहिल्या रुग्णाचे कपडे याच तळ्यात धुतले गेले होते, आणि वस्ती हेच पाणी पीत होती. ओलसर कापडावर हे जंतू झपाट्याने वाढतात, पण कापड पूर्ण वाळले की काही तासांतच मरतात, असेही कॉख यांना आढळले. रुग्णांचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांना कॉलरा वारंवार का होतो, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. आपल्या विद्यार्थ्यांना हे समजावताना नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण घेता येईल. वरच्या गावात कालव्यात रुग्णाची गोधडी धुतली आणि खालच्या गावाने तेच पाणी भरले, तर काय होईल, असा प्रश्न मुलांना विचारावा.

रोग कापडातून पसरतो एवढेच कळले, पण कसा ते कळले नाही, तर काय घडते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात घराघरांची झडती घेण्यात आली. संशयित घरांतील कपडे व अंथरुणे जाळली वा जंतुनाशकात बुडवली गेली. गरिबाचा संसार डोळ्यांदेखत नाहीसा झाला. लोकांचा संताप शिगेला पोहोचला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखवून दिले, की प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो. १९०५ पासून मुंबईत झालेल्या संशोधनाने त्याला दुजोरा मिळाला. कपड्यांतून पिसवा प्रवास करू शकतात, हे खरे. परंतु अंथरुणे जाळून घरातले उंदीर जात नाहीत. शत्रू कोण हे न ओळखता केलेल्या उपायाची किंमत लोकांनी मोजली.

याच्या अगदी उलट उदाहरण ट्यूनिस शहरातले. तेथील रुग्णालयात शार्ल निकोल हे फ्रेंच शास्त्रज्ञ टायफस ज्वराचा अभ्यास करीत होते. (हा टायफस म्हणजे आपला विषमज्वर नव्हे.) रुग्ण घरी असताना इतरांना रोग होई. रुग्णालयाच्या दारात त्याचे कपडे उतरवून घेणाऱ्यांना होई, ते धुणाऱ्यांनाही होई. पण एकदा आंघोळ घालून, रुग्णालयाचे कपडे देऊन त्याला वॉर्डात नेले, की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काहीच होत नसे! म्हणजे रोग पसरवणारी वस्तू दाराशीच राहत होती. ती होती कपड्यांतली ऊ. १९०९ मध्ये निकोल यांनी माकडांवरील प्रयोगांनी हे सिद्ध केले. १९२८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्या आजारपणाने वाट दाखवली, त्या धुणाऱ्यांची नावे मात्र कोठे दिसत नाहीत.

पुढे ध्यानात आले, की सर्वच जंतू कॉलऱ्याच्या जंतूंसारखे वाळून मरत नाहीत. जखमा चिघळवणारे स्टॅफिलोकॉकस जंतू कोरड्या कापडावरही तग धरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या सुती, पॉलिएस्टर इत्यादी कापडांवर जंतू सोडून पाहिले. ते सर्व निदान एक दिवस जगले. काही तर ९० दिवसांहून अधिक. पडदे, उशा, डॉक्टरांचे कोट यांकडे म्हणूनच आज लक्ष दिले जाते. अर्थात कापडावर जंतू असणे आणि त्यामुळे रोग होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधला दुवा बहुधा हात असतो, किंवा चादर झटकल्याने उडणारी धूळ.

यावरचे उपाय साधे आहेत. वापरलेली चादर झटकू नये. आतल्या बाजूला गुंडाळत उचलावी. ती अंगाशी न धरता खाटेजवळच पिशवीत भरावी. रक्ताने वा स्रावाने भिजलेले कपडे वेगळ्या, न झिरपणाऱ्या पिशवीत बांधावेत. ते उष्ण पाण्यात धुवावेत. अमेरिकेतील मार्गदर्शनानुसार ७१ अंश सेल्सिअसला किमान २५ मिनिटे. नंतर पूर्ण वाळवावेत. धुणाऱ्यास हातमोजे हवेत आणि हात धुण्यास साबण-पाणी हवे. रक्ताने माखलेल्या टाकाऊ चादरी व गाद्या आपल्या देशात २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. गडद रंगाच्या चादरीवर थोडी तांदळाची पिठी भुरभुरावी. एका हातावर काळा कागद ठेवून चादर झटकावी. कागदावर किती पिठी पडली ते पाहावे. नंतर तितकीच पिठी टाकून चादर हळूच आत गुंडाळावी व नवा कागद तपासावा. फरक पाहिल्यावर नियम पाठ करावा लागत नाही.

ही सारी गोष्ट इतिहासजमा झाली, असे मात्र नाही. २०१८ साली इंग्लंडमध्ये एका आरोग्य कर्मचाऱ्यास मंकीपॉक्स झाला. रुग्णाची अंथरुणे बदलताना ही लागण झाली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. बारामतीचे रुग्णालय असो वा इंदापूरचे, पहाटे वॉर्डातली गाठोडी उचलणारे हात कोणाचे तरी असतात. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाची आई किंवा वडीलही ते काम करीत असतील. त्या हातांना मोजे आहेत का, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला विचारला गेला पाहिजे. काटेवाडीच्या पायघड्यांइतकाच तोही धुणाऱ्याचा मान राखणारा आहे, असे आम्हांला वाटते.