पडद्यावरील अशोक आणि सोपाऱ्याची शिळा

मीरा-भाईंदरमधील बेव्हर्ली पार्क येथे एका उपासकाच्या घरी ‘अशोका’ हा चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आम्हांस आला. संतोष सिवन यांनी दिग्दर्शित केलेला आणि २००१ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट. तो संपताच घरातील शाळकरी मुलीने विचारले, “कौरवकी भेटली नसती, तर अशोक राजा बौद्ध झालाच नसता का?” प्रश्न निरागस होता, परंतु या चित्रपटातील सर्वांत मोठ्या ऐतिहासिक चुकीवर त्याने नेमके बोट ठेवले होते.

चित्रपटात कौरवकी ही कलिंगची राजकन्या आहे. अशोक नाव बदलून तिच्यावर प्रेम करतो, पुढे कलिंगवर चालून जातो आणि ती त्याच्याविरुद्ध रणांगणात उतरते. इतिहासात या नावाला आधार आहे तो एकच. प्रयागच्या किल्ल्यातील अशोकस्तंभावर ‘राणीचा लेख’ म्हणून ओळखला जाणारा छोटा लेख आहे. दुसऱ्या राणीने दिलेली आम्रवने, उद्याने व दानगृहे ही तीवराची माता कारुवाकी हिच्या नावे नोंदवावीत, अशी आज्ञा त्यात महामात्रांना दिली आहे. ती कलिंगची होती किंवा तिने युद्ध केले, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. शिलालेखातील दान देणारी स्त्री पडद्यावर तलवार घेऊन उभी राहिली आहे.

चित्रपटाने कथा रचावी, यास आमची हरकत नाही. इतिहासाचे संपूर्ण कथन करीत असल्याचा दावा निर्मात्यांनीही केलेला नाही. परंतु घटनाक्रम बदलला की घटनांचा अर्थही बदलतो. पडद्यावर युद्ध संपते, रणभूमीवर प्रिय व्यक्तींची अवस्था पाहून अशोकाचे हृदय फाटते आणि त्या एका क्षणात त्याचे परिवर्तन होते. स्वतः अशोकाची साक्ष मात्र निराळी आहे.

तेराव्या शिलालेखानुसार राज्याभिषेकास आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले गेले. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मरण पावली. राजाचा पश्चात्ताप या अनामिक माणसांसाठी आहे. एका प्रेयसीसाठी नाही. पश्चात्तापानंतर त्याने कलिंग सोडून दिले नाही की राजदंडही टाकला नाही. चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची सवलत दिलेली आहे. म्हणजे तो दंड कायम होता. सत्ता हाती ठेवून तिला धम्माचे वळण लावणे, हे तलवार टाकून देण्यापेक्षा कठीण काम त्याने पत्करले.

लघुशिलालेखातील त्याची कबुली तर अधिक मोलाची आहे. उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला. पहिले वर्षभर आपण विशेष उद्योग केला नाही. संघाच्या सान्निध्यात आल्यावर गेले वर्षभर मात्र नेटाने प्रयत्न केला, असे तो सांगतो. आरंभी आपण कमी पडलो, हे स्वतःच दगडावर कोरून ठेवणारा हा राजा आहे. या हळूहळू घडलेल्या परिवर्तनाला चित्रपटात जागाच उरलेली नाही.

याची एक साक्ष बेव्हर्ली पार्कपासून फार दूर नाही. मीरा रोडहून वसईची खाडी ओलांडली की चौथे स्थानक नालासोपारा. हेच प्राचीन शूर्पारक. येथे १८८२ साली पं. भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. गिरनार, कालसी येथील प्रतींवरून त्याचा पूर्ण आशय कळतो. पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत. प्रियदर्शी राजा अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस, म्हणजे बुद्धगयेस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांची व वृद्धांची भेट, दान, जनपदातील लोकांशी धम्मचर्चा, हे त्या यात्रांचे स्वरूप. कलिंगविजय आठ वर्षांनी आणि संबोधीयात्रा दहा वर्षांनी. मधला काळ हाच त्याच्या घडणीचा काळ होय.

आपणांस हे ठाऊक असणे का अगत्याचे? परमपूज्य बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस, धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षांचे अध्ययन व चिंतन होते. धम्मस्वीकार हा भावनेचा झटका नसून विचारपूर्वक केलेला निश्चय असतो, हे ज्यांच्या इतिहासाने सिद्ध केले, त्यांनी अशोकाचे परिवर्तन एका प्रेमभंगाच्या पदरी टाकणे मान्य करू नये.

त्या मुलीस आम्ही एवढेच सांगितले, “झाला असता, बाळ. कौरवकीसाठी तो बौद्ध झाला नाही. कसा झाला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.” पुढच्या रविवारी तिला वस्तुसंग्रहालयात नेऊन ती शिळा दाखवण्याचे आम्ही ठरविले आहे. वाचकांनीही आपल्या मुलाबाळांस अवश्य न्यावे. चित्रपट पाहण्यास मनाई नको. मात्र त्यानंतर शिळेची भेट चुकवू नये.