नेर कुणाचं?

नेर शोधायचं तर अमरावती-यवतमाळ रस्त्यावर बोट ठेवा, सापडतं. पण त्याचा कारभार कुणाकडे, हे शोधायला बसलात तर रविवार संपतो!

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टा झाला. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला, त्यातलं पुसद इकडे आलं आणि ‘वणी’ जिल्ह्याचा ‘यवतमाळ’ झाला. नेर तेव्हा दारव्हा तालुक्यात. आता सांगा, यातलं काय नेरकरांना विचारून झालं?

म्हणून मला १ मे १९६२ महत्त्वाचा वाटतो. पुसदच्याच वसंतराव नाईकांच्या समितीच्या अहवालातून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा जाब निवडून दिलेल्या माणसाला विचारता येऊ लागला.

आज नेर स्वतःच तालुका आहे. शहराला नगरपरिषद, खेड्यांना पंचायत समिती, आमदार दिग्रसचा, खासदार यवतमाळ-वाशीमचा. इतके सगळे थर! पण २०२२ साली मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि २०२५ उजाडलं तरी तेच होते. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम चालू, पण युजरचं लॉगिन बंद.

सीमा कुणी आखल्या हा इतिहास झाला. जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न मात्र आजचाच आहे.