ओरखड्याची नक्कल

"पिन अडकली" हा शब्दप्रयोग आमच्या पिढीला समजावून सांगावा लागत नाही. एकच विषय धरून बसलेल्या माणसाला आपण सहज म्हणतो, "अहो, तुमची पिन अडकलीय, पुढे सरका." रेकॉर्डवर ओरखडा पडला की सुई त्याच खाचेत परत परत फिरायची आणि घरातलं कुणीतरी उठून ती हलक्या हाताने पुढे ढकलायचं. ओरखडा म्हणजे नुकसान. मुलांनी रेकॉर्डला हात लावायचा नाही, हा घरोघरचा नियम.

तर मंडळी, हाच नियम मोडून न्यूयॉर्कच्या काही पोरांनी एक वाद्य तयार केलं. फिरत्या रेकॉर्डवर बोटं ठेवायची, ती पुढेमागे ओढायची आणि त्यातून निघणारा 'विकी-विकी' आवाज ठेक्यात बसवायचा. याला म्हणतात स्क्रॅचिंग. आणि आता तर या ओढण्याचीही नक्कल करणारी बटणं निघाली आहेत. मूळ गोष्ट आणि तिची नक्कल, दोन्हींचा इतिहास गेले काही महिने मी जमेल तसा वाचते आहे. (घरचे म्हणतात, माझीच पिन अडकली आहे.)

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीतली कर्ण्यांची भिंत डोळ्यांसमोर येते. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, माझा रक्तदाब वाढतो. मी म्हणते आहे तो डीजे म्हणजे दोन टर्नटेबलांच्या मागे उभा राहून रेकॉर्डी वाजवणारा माणूस.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून तिकीट लावून पार्टी ठेवली. संगीत वाजवायला तिचा भाऊ, जमैकाहून आलेला कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. तेवढाच तुकडा लांबवायला तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावू लागला. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू.

त्याच्यानंतर आला ग्रँडमास्टर फ्लॅश. जन्म बार्बाडोसचा, वाढला ब्राँक्समध्ये, व्यवसाय शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. हर्कची जोडणी ढोबळ होती, याला ती मात्रेवर हवी होती. तुकडा कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून त्याने रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा केल्या. थाळी खाली फिरत राहावी आणि रेकॉर्ड मात्र हाताने थांबवता यावी, म्हणून दोन्हींच्या मध्ये फेल्ट कापडाची चकती घातली. त्याची आई शिवणकाम करायची. कापडाचं कडक-मऊपण त्याला तिथूनच कळलं असणार, असं मला आपलं वाटतं.

फ्लॅशच्या एका साथीदाराचा धाकटा भाऊ म्हणजे थिओडोर, पुढे ग्रँड विझार्ड थिओडोर म्हणून ओळखला गेलेला. १९७५च्या सुमारास, जेमतेम बारा-तेरा वर्षांचा असताना, तो खोलीत मोठ्याने रेकॉर्ड वाजवत होता. आई रागावून दारात आली. ती बोलत असताना याने फिरत्या रेकॉर्डवर हात ठेवला आणि नकळत तो पुढेमागे हलवत राहिला. त्या आवाजावर मग त्याने कित्येक दिवस मेहनत केली आणि नंतर तो लोकांसमोर आणला. ही हकीकत त्याने स्वतः सांगितलेली आहे. न्यूटनच्या सफरचंदासारखी ती जरा जास्तच सुबक वाटते खरी, पण आईचं ओरडणं मला पटतं.

आता मी इतिहास शिकवणारी बाई, त्यामुळे तारखा शेजारी शेजारी ठेवायची खोड आहे. याच १९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या काठावर होती. हजारो शिक्षकांना घरी बसवण्यात आलं, आणि अशा वेळी कुऱ्हाड आधी कोणत्या तासांवर पडते हे मी वेगळं सांगायला नको. चित्रकला आणि संगीत. ज्या वस्तीत शाळेतून वाद्य हातात मिळणं कठीण झालं, तिथल्या पोरांनी घरातला रेकॉर्ड प्लेअरच वाद्य म्हणून वाजवला. दोन्हींचा थेट कार्यकारणसंबंध लावणं सोपं नाही, आणि हर्कची पार्टी तर दोन वर्षं आधीची. तरी या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या ठेवता येत नाहीत.

रेकॉर्डशी असे खेळ त्याआधी कुणी केलेच नव्हते, असं नाही. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने १९३९मध्येच एका रचनेत टर्नटेबलांचा वेग कमीजास्त करून सूर काढले होते. पॅरिसच्या पिएर शेफरने १९४८मध्ये रेल्वेच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून संगीत केलं. पण ते प्रयोगशाळेतलं काम. नाचणाऱ्यांच्या गर्दीसमोर, ठेका न चुकवता, हाताने वाजवायची कला ब्राँक्सचीच.

स्क्रॅचिंगमध्ये दोन हातांची दोन कामं असतात. एक हात रेकॉर्डवर, तो ती पुढेमागे ढकलतो. दुसरा क्रॉसफेडर नावाच्या सरकत्या दांडीवर, तो आवाज उघडतो नि बंद करतो. पहिला हात सूर वरखाली नेतो, कारण रेकॉर्ड जोरात फिरली की सूर चढतो, हळू फिरली की उतरतो. दुसरा हात त्या आवाजाची अक्षरं पाडतो. या हालचालींना नावं आहेत: बेबी, चर्प, ट्रान्सफॉर्मर, फ्लेअर, क्रॅब. तबल्याच्या बोलांशी याची तुलना करायचा मोह मला फार होतो, पण तबलजींची माफी मागून तो आवरते. २०००च्या सुमारास तर या प्रकारांसाठी लेखनपद्धतीही निघाली. आडवा अक्ष काळाचा, उभा रेकॉर्ड किती सरकली त्याचा. आलेखाच्या वहीवर संगीत!

१९८३मध्ये हर्बी हॅनकॉक या नामांकित जॅझ पियानोवादकाने 'रॉकिट' या रचनेत ग्रँड मिक्सर डी.एसटी. याचं स्क्रॅचिंग घेतलं आणि हा आवाज जगभर पोचला. त्याच्या मागच्या वर्षी 'चेंज द बीट' नावाची एक रेकॉर्ड निघाली होती. तिच्या शेवटी यंत्रातून काढलेल्या आवाजात एक वाक्य आहे. त्यातला 'आऽऽ' आणि 'फ्रेश' हे दोन तुकडे पुढे असंख्य डीजेंनी ओढून ओढून वाजवले. म्हणजे हाताच्या कलेचा हा सगळ्यात लाडका आवाज मुळात यंत्रातून गाळलेला. 'अस्सल' शब्द वापरताना मी हे ध्यानात ठेवते.

आता नक्कल.

सुरुवात साधी होती. १९९१मध्ये रोलँड या जपानी कंपनीने कीबोर्डच्या आवाजांसाठी 'जीएस' नावाची एक पद्धत ठरवली. तालवाद्यांच्या संचात तिने दोन पट्ट्या स्क्रॅचला दिल्या, एक 'पुश', एक 'पुल'. पट्टी दाबा, ओरखडा ऐका. प्रत्येक वेळी तोच, तेवढाच.

दुसरी अडचण सीडीची. सीडीला बोट लावून ती ओढता येत नाही, लेझर गोंधळतो. म्हणून आवाज आधी यंत्राच्या स्मृतीत भरून घ्यायचा आणि वरची चकती फिरवली की त्या स्मृतीतून पुढेमागे वाचायचं, अशी युक्ती निघाली. २००१मध्ये पायोनियरच्या सीडीजे-१००० या यंत्राने ती इतकी चांगली साधली की बरेच डीजे सीडीकडे वळले. पाठोपाठ संगणक आले. 'फायनल स्क्रॅच' ही प्रणाली आली आणि २००४मध्ये न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीची 'स्क्रॅच लाइव्ह'. यांची कल्पना मला भारी आवडली. टर्नटेबल खरं, सुई खरी, रेकॉर्डही खरी. पण रेकॉर्डवर गाणंच नाही, नुसती एकसुरी शिट्टी! शिट्टीचा सूर चढला-उतरला की संगणकाला वेग कळतो. डाव्या-उजव्या बाजूंतली शिट्टी किंचित पुढेमागे ठेवलेली असते, त्यावरून दिशा कळते. आणि तिच्यात दडवलेल्या खुणांवरून जागा. गाणं असतं संगणकात, पण ते हलवतो तुमचा हात. याला मी नक्कल म्हणणार नाही. बोरू गेला, टाक आला, फाउंटन पेन आलं, अक्षर आपलंच राहिलं, त्यातला हा प्रकार.

खरी नक्कल म्हणजे इफेक्टचं बटण. त्यात तीन-चार मुख्य प्रकार असतात. 'ब्रेक' दाबला की गाणं मंदावत, सूर उतरत थांबतं. भारनियमनाच्या काळात वीज गेली की चालू रेकॉर्ड जशी रडवेली होऊन थांबायची, अगदी तसंच. 'बॅकस्पिन' आवाज वेगाने उलटा फिरवतं. आवाजाचे ठेक्यात तुकडे पाडणारी 'गेट'सारखी बटणं दुसऱ्या हाताचं काम करतात. बर्लिनच्या 'ट्रॅक्टर' या सॉफ्टवेअरमध्ये आवाज पुढेमागे डोलवणारा इफेक्टही आहे, हात न लावता. नवशिक्यांसाठीच्या काही यंत्रांत चकती नुसती हलवली की बाकीची कापाकापी यंत्रच करतं.

गंमत बघा. संगणकाला सूर न बदलता वेग बदलता येतो, आणि ही डिजिटल तंत्राची मोठी कमाई. पण स्क्रॅचची नक्कल करायची तर ती कमाई बंद ठेवावी लागते, सूर वेगाबरोबर घसरायलाच हवा. २००१मध्ये तर एका अमेरिकन कंपनीने स्वच्छ डिजिटल आवाजात धूळ, झीज आणि ओरखड्यांची करकर मिसळणारं सॉफ्टवेअर फुकट वाटलं. कोणत्या दशकातला प्लेअर हवा तेही त्यात निवडता येतं! आपण मखमली कापडाने रेकॉर्डी पुसत आयुष्य काढलं.

मग फरक काय पडतो? आमच्या नातवाकडे छोटा कंट्रोलर आहे. त्याला म्हटलं, मी पाठ करून बसते, तू कधी हाताने वाजव, कधी बटणाने, मी सांगते. तो म्हणाला, "आजी, तुला नाही कळणार." कळलं. पहिल्या खेपेला नाही कळणार कुणालाच, पण तोच प्रकार त्याने चार वेळा वाजवला की बटण उघडं पडतं. बटणाचा चौथा ओरखडा पहिल्यासारखाच असतो. हाताचा नसतो. पुढे ढकलताना मनगट जोर करतं, मागे ओढताना तेवढा करत नाही. कधी हात मात्रेच्या केसभर आधी येतो, कधी मागे रेंगाळतो. वर्गात चाळीस मुलांना एकच कित्ता दिला तरी न बघता वही कुणाची ते मी सांगत असे, तसंच हे.

स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात शेटिल फाल्केनबर्ग हान्सेन या संशोधकाने या विषयावर २०१०मध्ये प्रबंधच लिहिला. हात नि फेडर नेमके कसे हलतात हे खऱ्या डीजेंच्या वादनातून मोजलं आणि त्या मोजमापांवरून स्क्रॅच वाजवणारा 'स्किपप्रूफ' नावाचा प्रोग्रॅमही केला. नक्कल करायचीच तर अशी, आधी हाताकडे नीट बघून. ढोबळ बटणापेक्षा मला ही वाट अधिक आदराची वाटते.

बटणाने काम भागवणाऱ्या मुलांना मी नावं ठेवत नाही. टेक्निक्सची दोन टर्नटेबलं, मिक्सर, रेकॉर्डी हा खर्च सामान्य घरातल्या पोराला कुठून झेपणार? फोनवरच्या फुकट ॲपमध्ये त्याला निदान आवाज कळतो, ठेका कळतो. ब्राँक्सच्या पोरांनी तरी हाताशी होतं त्याच्यावरच भागवलं होतं. मला खटकतं ते वेगळं. बटण दाबणारा स्वतःला हातात कला असलेल्याच्या पंक्तीला बसवतो आणि ऐकणाऱ्याला ते सांगत नाही. सहीच्या जागी रबरी शिक्का चालतो, पोस्टात रोज चालतो, पण शिक्का मारणाऱ्याने आपलं अक्षर वळणदार आहे म्हणून मिरवू नये. आमच्या नातवाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, नाचणाऱ्यांना काय करायचंय? वाद चालू आहे.

बाजार मात्र हळूहळू हाताकडे वळलेला दिसतो. डीजेंचं लाडकं टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२मध्ये आलं, ते घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी. २०१०मध्ये ते बंद झालं आणि २०१६मध्ये पुन्हा निघालं. २०१८मध्ये रेन कंपनीने 'ट्वेल्व्ह' नावाचं यंत्र काढलं. त्याला सुई नाही, सुईचा दांडा नाही, गाणं सगळं संगणकात. तरीही आत मोटर बसवून बारा इंची थाळी फिरती ठेवली आहे, हाताखाली ओढ लागावी म्हणून. पुण्या-मुंबईच्या भाचरांपैकी कुणी ते वाजवलं असेल तर जरूर कळवा. ती ओढ खऱ्या थाळीसारखी लागते का, एवढंच मला विचारायचं आहे.